सीमेवर अडलेला घास

आपल्या घरांत छातीतल्या जळजळीला जितकी नावं आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या दुखण्याला असतील. मराठीत बोलताना आपण 'पित्त उसळलंय' म्हणतो, 'आंबट ढेकर येतायत' म्हणतो. तेच अज्जीशी बोलताना 'एदे उरी' होतं, 'हुळी तेगु' होतं. शाळेतली पोरं सरळ 'अ‍ॅसिडिटी' म्हणतात. जितकी नावं, तितके उपाय. कुणी थंड दूध घेतं, कुणी कोकमाचं सार, कुणी ओवा आणि काळं मीठ चघळतं, तर कुणाच्या खिशात औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांची पट्टी बारा महिने असतेच. पंगतीत होळगी वाढायला आली की पुरुष मंडळी आधी पोटावरून हात फिरवतात, मग पान पुढे करतात आणि घरी जाऊन गोळी घेतात. या दुखण्याशी आपली इतकी ओळख झाली आहे की ते आपल्याला घरचंच वाटतं.

पण याच दुखण्याच्या आडोशाला बसणारं एक दुसरं लक्षण आहे. त्याला ना मराठीत वेगळं नाव आहे, ना कन्नडमध्ये. 'घास अडतो.' 'तुत्तु इळियंगिल्ला.' बस, एवढंच. ज्याचा घास अडतो तो ते बोलूनही दाखवत नाही. पाण्याचा घोट घेतो, क्षणभर थांबतो आणि पुढचा घास घेतो. आज लिहायचं आहे ते या अडलेल्या घासाविषयी, कारण कधीकधी त्यामागे अन्ननलिका आणि जठर जिथे एकमेकांना मिळतात तिथला कर्करोग असतो. आणि तो लवकर सापडणं न सापडणं हे बऱ्याच वेळा डॉक्टरांच्या आधी घरातल्या माणसांच्या हातात असतं.

आधी ही जागा नीट समजून घेऊ. घशातून जठरापर्यंत जाणारी नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. मराठीत ती अन्ननलिका, कन्नडमध्ये अन्ननाळ आणि गुजरातीत अन्ननळी. तीन भाषा, पण शब्द जवळजवळ एकच. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. तो ओलांडून ही नळी जठराला मिळते. या सांध्यावर झडपेसारखी व्यवस्था असते. घास खाली जाऊ द्यायचा, पण जठरातलं आम्ल वर येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. आतून दुर्बिणीने पाहिलं तर इथे अस्तराचा रंगही बदलतो. वरचं अस्तर फिकट गुलाबी, खालचं लालसर, आणि मधली हद्द नागमोडी. डॉक्टर तिला 'झेड रेषा' म्हणतात.

जठराचं अस्तर आम्ल सोसण्यासाठीच बनलेलं आहे, अन्ननलिकेचं तसं नाही. झडप सैल झाली की आम्ल वर येतं आणि आपल्याला जळजळ जाणवते. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं तर काही जणांच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर आपला स्वभाव बदलतं आणि आतड्याच्या अस्तरासारखं होऊ लागतं. नॉर्मन बॅरेट नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदाने १९५० साली या भागाविषयी लिहिलं, म्हणून या बदलाला त्याचं नाव मिळालं. या बदललेल्या अस्तरातून थोड्या लोकांना पुढे कर्करोग होतो.

'थोड्या लोकांना' हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. स्वीडनमधला एक गाजलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. वारंवार जळजळ होणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेच्या या प्रकारच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या जवळजवळ आठपट, आणि जठराच्या तोंडाशी होणाऱ्या कर्करोगाचा दुप्पट, असं त्यात दिसलं. आकडा ऐकून धडकी भरते. पण मुळात हा रोग कमी लोकांना होतो, त्यामुळे आठपट होऊनही पित्ताचा त्रास असलेल्या बहुतेकांना तो आयुष्यात कधीच होत नाही. म्हणून वाचकहो, पित्त झालं की कर्करोगाची भीती बाळगायचं कारण नाही. सांगायचा मुद्दा असा की जळजळ आणि अडलेला घास या दोन गोष्टी एकाच पिशवीत टाकू नयेत.

हे लिहावंसं वाटलं ते बडोद्यामुळे. आपल्या भागाचं बडोद्याशी नातं जुनं आहे. गायकवाडांच्या राज्यात नोकरी-शिक्षणासाठी मराठी माणसं गेली आणि तिथलीच झाली. विजय हजारे जन्मले सांगलीत, पण नाव झालं ते बडोद्याचे म्हणून. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी सामना जिंकला तेव्हा कर्णधार तेच होते. २००४ साली बडोद्यातच आतड्याच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. आमची अक्काही लग्न होऊन बडोद्याला गेली. दांडिया बाजारातल्या मराठी वस्तीत तिचा संसार झाला. माहेरी कन्नड आणि मराठी, सासरी मराठी आणि गुजराती, अशा चार खांबांवर तिचं घर उभं आहे. बेळगाव-मिरजेवरून जाणारी अजमेर-म्हैसूर गाडी थेट बडोद्याला पोचवते, त्यामुळे येणं-जाणं राहिलं.

दाजींना पित्ताचा त्रास वीस वर्षांचा. शर्टाच्या खिशात गोळ्या, जेवणानंतर सोडा. २०२२ च्या उन्हाळ्यात अक्काच्या लक्षात आलं की ते जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायला लागलेत. भाकरी आमटीत पार कुस्करून घेतात. पोळी नको म्हणतात, खिचडी-कढी चालते म्हणतात. शेव-उसळ हा बडोद्याचा जीव की प्राण. तीही शेव भिजून मऊ झाल्यावरच खातात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "कांई नथी, गॅस छे." दाजी मराठीच, पण दुखणं उडवून लावायचं असलं की त्यांना गुजराती सुचते. दिवाळीत ते आमच्याकडे आले तेव्हा पाहुण्यांपैकी दोघा-तिघांनी कौतुक केलं, "दाजी, बारीक झालात, छान दिसताय." दाजी हसले. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती, ती अक्काने पाहिली होती.

असंच घडतं आणि यामागे कारण आहे. अन्ननलिका ताणली जाणारी असते. आत गाठ वाढत असली तरी मार्ग बराचसा अरुंद होईपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. मग आधी कोरडं, घट्ट अन्न अडतं. भाकरी, मटण, पोहे. पुढे मऊ भातही अडू लागतो आणि शेवटी पाणीसुद्धा. हा क्रम महत्त्वाचा आहे. घट्टाकडून पातळाकडे जाणारी अडचण म्हणजे आत वाट अरुंद होत चालली आहे. दुसरी फसवणूक जागेची. अडथळा असतो छातीच्या खाली, पण माणूस बोट ठेवतो गळ्यावर, त्यामुळे घसा बसला असेल, थंडी असेल असं वाटतं. तिसरी फसवणूक गोळ्यांची. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जळजळ थांबते, माणसाला बरं वाटतं, आणि आतलं दुखणं महिना-दोन महिने आणखी लपून राहतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी जरूर घ्यावी. दुकानातून आपली आपण आणलेली गोळी वर्षानुवर्षं घेऊ नये.

आणि माणूस स्वतः फसवणूक करतो ती वेगळीच. घास बारीक करतो, जास्त चावतो, प्रत्येक घासाला पाणी पितो, पंगत टाळतो. आपण आजारी आहोत हे त्याला कळायच्या आधी त्याच्या ताटाला कळतं. म्हणून ताट वाढणाऱ्याने पाहायचं.

दुर्बिणीच्या तपासाची, म्हणजे एंडोस्कोपीची, लोकांना भीती वाटते. ती वाटणं साहजिक आहे. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या जठरात डोकावून पाहिलं तेव्हा त्याने तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाची मदत घेतली होती, कारण नळी सरळ आणि ताठ होती. आज ती बोटाएवढी जाड, हवी तशी वळणारी असते. ही वळणारी नळी शक्य झाली ती काचतंतूंतून प्रकाश आणि चित्र नेण्याच्या विद्येमुळे. त्या विद्येचा पाया घालणाऱ्यांत पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. त्यांचा आणि हॉपकिन्स यांचा लेख १९५४ साली आला. तो वाचून बेसिल हिर्शोविट्झ यांनी दुर्बीण बनवली आणि १९५७ साली ती आधी स्वतःच्याच घशातून उतरवून पाहिली, मग रुग्णाच्या. आज घशात बधिर करणारा फवारा मारतात, लागलं तर झोपेचं इंजेक्शन देतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत तपास संपतो. संशय आला तर त्याच वेळी तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत अजून ऐकू येते. तिच्यापायी कुणी तपास टाळू नये. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत.

दाजींचा तुकडा तपासून आला आणि त्यात कर्करोग निघाला. गाठ नेमकी सांध्यावर होती.

आता सीमेवर राहणाऱ्यांना रेघेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. रेघेच्या अलीकडे घर, पलीकडे शेत, शाळा एका भाषेत, सातबारा दुसऱ्या भाषेत, हे आपण जन्मापासून पाहतो. १९६७ च्या महाजन अहवालाची चर्चा ऐकतच आपली पिढी वाढली. वैद्यकातही या सांध्यावरच्या कर्करोगाचा असाच वाद होता. हा अन्ननलिकेचा समजायचा की जठराचा? छाती उघडायची की पोट? जर्मनीतले शल्यविशारद सीवर्ट यांनी १९८७ साली याची तीन गटांत वाटणी सुचवली आणि ती आज जगभर वापरतात. गाठीचा मध्य सांध्याच्या वर एक ते पाच सेंटिमीटर असेल तर पहिला प्रकार. एक सेंटिमीटर वरपासून दोन सेंटिमीटर खालपर्यंत असेल तर दुसरा. दोन ते पाच सेंटिमीटर खाली असेल तर तिसरा. पहिल्या प्रकारात साधारणपणे अन्ननलिकेचा मोठा भाग काढतात आणि जठराचीच नळी करून वर जोडतात. तिसऱ्यात संपूर्ण जठर काढून आतडं अन्ननलिकेला जोडतात. मधल्या प्रकारात गाठ कुठवर पोचली आहे, रुग्णाची ताकद किती, हे पाहून शल्यविशारद ठरवतात. दाजींचा प्रकार मधला, म्हणजे खरोखरच सीमाभागातला.

रोग अगदी सुरुवातीचा, अस्तरापुरता असेल तर कधीकधी दुर्बिणीतूनच तेवढा भाग खरवडून काढता येतो. पण आपल्याकडे बहुतेक रुग्ण इतक्या लवकर येत नाहीत. थोडा वाढलेला, पण दूर न पसरलेला रोग असेल तर आज आधी औषधं, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषधं असा क्रम असतो. त्यातली प्रचलित पद्धत 'फ्लॉट' नावाने ओळखली जाते. चार औषधं एकत्र, दर पंधरा दिवसांनी, शस्त्रक्रियेआधी चार वेळा आणि नंतर चार वेळा. जर्मनीत ७१६ रुग्णांवर झालेला तिचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. जुन्या औषधांच्या गटात निम्मे रुग्ण ३५ महिन्यांपर्यंत जगले होते, नव्या गटात निम्मे रुग्ण ५० महिन्यांपर्यंत. २०२५ साली आलेल्या आणखी एका अभ्यासात याच औषधांना प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर रोग उलटण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. ते औषध महाग आहे. तुकड्यावर 'हर-टू' आणि इतर काही चाचण्या करून कुणाला कोणतं औषध लागू पडेल तेही आता पाहतात, म्हणून तुकड्याचा अहवाल जपून ठेवावा.

हे झालं वैद्यकाचं. घराचं वेगळंच चाललं होतं.

अहवाल आला त्या आठवड्यात मी बडोद्याला होते. मुलांनी ठरवलं, बाबांना सांगायचं नाही, 'अल्सर' म्हणायचं. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच ठरतं, आणि प्रेमापोटीच ठरतं. दुभाषी घरांना यात एक जास्तीची सोय असते. ज्याच्यापासून लपवायचं त्याला न येणारी भाषा आपल्याकडे असते. लहानपणी आई-अप्पा खाऊचा, पैशांचा विषय निघाला की भाषा बदलायचे, ते आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. अक्का तेच करू लागली. स्वयंपाकघरात माझ्याशी कन्नड, फोनवर आईशी कन्नड. दाजी बाहेर झोपाळ्यावर पेपर वाचत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अक्काला हाक मारली. मी तिथेच होते. ते म्हणाले, "तीस वर्षांवर झाली तुमच्या घरचा जावई होऊन. एक सांगा मला, क्यान्सरला कन्नडमध्ये काही दुसरा शब्द असतो का हो? मला तर तुमच्या बोलण्यात तोच ऐकू येतोय."

अक्का मटकन खाली बसली. दाजी तिच्याकडे पाहत म्हणाले, "रडू नकोस. डॉक्टरांकडे आता मीच विचारतो. घास माझा अडतोय ना?"

त्या दिवसापासून घरातली कुजबुज थांबली. त्यांनी स्वतः शल्यविशारदांना प्रश्न विचारले, कागदावर लिहून नेले. बँकेची, विम्याची कागदपत्रं मुलाच्या हाती दिली. मला इथे एक व्यवहाराची गोष्टही सांगायची आहे. ही औषधं रुग्णाला अंधारात ठेवून नीट देताच येत नाहीत. त्यांच्यामुळे पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप आला तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावं लागतं. एका औषधामुळे थंड वस्तूला हात लावला तरी बोटांत झिणझिण्या येतात, फ्रिजचं पाणी घशाला टोचतं. जुलाब झाले, तोंड आलं तर लगेच सांगावं लागतं. 'अल्सर'च्या माणसाला हे कशासाठी सांगायचं? त्याला खरं माहीत असेल तरच तो आपल्या शरीरावर नजर ठेवील. सांगायचं कसं, किती, कधी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. रुग्ण जेवढं विचारतो तेवढं तरी त्याला खरं कळावं.

चार वेळा औषधं झाली आणि २०२३ च्या वसंतात बडोद्यातच शस्त्रक्रिया झाली. अन्ननलिकेचं खालचं टोक आणि संपूर्ण जठर काढलं. काही दिवस आतड्यात बसवलेल्या बारीक नळीतून अन्न दिलं. पुढची औषधं चारऐवजी तीनच वेळा झेपली. आज ते घरी आहेत, चालतात-फिरतात. वजन पूर्वीचं आलेलं नाही आणि तपासण्या चालू आहेत. पुढचं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

जठर नसलेल्या माणसाचा स्वयंपाक हा एक वेगळाच अभ्यास आहे, आणि तो आपल्या बायकांना उपजत जमतो. साठवण्याची पिशवीच नाही म्हटल्यावर दोन जेवणं चालत नाहीत, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. आपल्याकडची नाचणीची आंबील, जिला आपण अंबलीही म्हणतो, मऊ गंजी, घट्ट वरण, अंडं, पनीर, ताक, हे सगळं कामाला आलं. पाणी जेवताना नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. गोड एकदम खाल्लं तर ते थेट आतड्यात उतरतं. मग घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. बडोद्याच्या श्रीखंडाचे भोक्ते असलेले दाजी आता सणाला एक चमचा श्रीखंड घेतात आणि तेही जेवणाच्या मधे. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, झोपताना उशाकडची बाजू उंच. आणि ब-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आयुष्यभर, कारण ते शोषून घ्यायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. हे इंजेक्शन चुकलं तर लगेच काही होत नाही, पुढे हळूहळू रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात. म्हणून कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

आता कारणांकडे. भारतात अन्ननलिकेच्या वरच्या आणि मधल्या भागात होणारा कर्करोग हा बहुतांशी तंबाखू, विडी, सुपारी, दारू यांच्याशी जोडलेला आहे. सांध्यावरच्या कर्करोगात जुनाट आम्लपित्त आणि पोटावरची चरबी यांचा वाटा मोठा, पण तंबाखू इथेही आहेच. पुरुषांत हा रोग बायकांपेक्षा बराच जास्त. जागतिक संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात अन्ननलिका आणि जठर मिळून वर्षाला लाखाहून अधिक नवे रुग्ण होतात. बडोद्याच्या शेजारी चरोतर आहे, आणंद-खेड्याचा तंबाखूचा पट्टा. आपल्याकडे निपाणी आहे. दोन्हीकडची विडीची तंबाखू प्रसिद्ध, दोन्हीकडची कितीतरी घरं तिच्यावर उभी राहिली. शेतकऱ्याला किंवा विड्या वळणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही, पण निदान घरातल्या डब्यातली तंबाखू तरी कमी व्हावी. २०१२-१३ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. ती कशी पाळली जाते ते कुठल्याही एस.टी. स्टँडवर दिसतं.

मग घरात लक्ष कशावर ठेवायचं? कुठल्याही वयात घास अडू लागला, तर थांबायचं नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय सूचनांत घास अडणाऱ्या माणसाची दुर्बिणीची तपासणी दोन आठवड्यांत व्हावी असं म्हटलं आहे. काही प्रयत्न न करता वजन घटणं, डांबरासारखी काळी शौचास होणं, उलटीत रक्त दिसणं, पुन्हा पुन्हा उलट्या होणं, कारण न कळता रक्त कमी होणं, आणि पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेलं, न थांबणारं पित्त, या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या. घास अडण्यामागे प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असं नाही. जुन्या आम्लपित्ताने अन्ननलिका आकसते, झडप उघडायची थांबते, असेही आजार आहेत आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. पण ते आहेत हेही दुर्बिणीशिवाय कळत नाही. आणि एक, छातीत जळजळीबरोबर दम, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर तो पित्ताचा विषय नाही. आधी हृदयाची तपासणी.

कुठे जायचं? बडोद्याकडे नातेवाईक असतील तर तिथलं सरकारी सर सयाजीराव रुग्णालय आहे, जिल्ह्यातल्या गोरजला मुनी सेवा आश्रमाचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे, पुढे अहमदाबादला गुजरात कॅन्सर इन्स्टिट्यूट. आपल्या बाजूला मिरज, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीत सोय आहे, बार्शीत नर्गिस दत्त रुग्णालय आहे. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीतच सुरू झाली. मोठं ठिकाण हवं तर मुंबईचं टाटा किंवा बेंगळुरूचं किदवई. आयुष्मान भारत कार्ड असेल तर योजनेतल्या दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयातही ते चालतं. मात्र राज्याची आपली वेगळी योजना असेल तर ती सीमेपलीकडे चालेलच असं नाही, म्हणून निघण्यापूर्वी त्या रुग्णालयात फोन करून विचारावं. अशा मोठ्या शस्त्रक्रिया जिथे नेहमी होतात तिथेच त्या करून घ्याव्यात, हे मात्र जवळ-लांब न पाहता ध्यानात ठेवावं.

'गळी उतरणं' हा शब्दप्रयोग मराठीत पटण्याच्या अर्थी आहे, गुजरातीतही तसाच आहे. आपल्या घरातल्या पुरुषांच्या गळी तपासणीची गोष्ट सहजासहजी उतरत नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांचं ताट पाहावं. भाकरी मागे राहते का, पाण्याचा तांब्या लवकर रिकामा होतो का, कुणी एकट्यानेच शेवटी जेवतं का. आणि कुणी मराठीत म्हणालं 'घास अडतोय', किंवा अज्जीच्या भाषेत 'तुत्तु इळियंगिल्ला', तर पाणी जरूर द्यावं, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळही घ्यावी.